सांधेदुखीचं शिबिर घ्यावं का, आणि घ्यायचं तर कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या काही सोसायट्यांचा मिळून तुमचा ज्येष्ठ नागरिक संघ आहे. सभासद २०० च्या आसपास, हाताशी ४०,००० रुपये. एका तपासणी कंपनीने टाचेच्या मशीनवर हाडांची घनता, रक्तातला आरए फॅक्टर (सुजेच्या संधिवातासाठी बघतात तो) आणि युरिक ॲसिड असं 'सांधे पॅकेज' देऊ केलंय. संघातल्या दोघांचं म्हणणं असं की गुडघेदुखीने कुणी मरत नाही, पैसे हृदयरोगाच्या शिबिराला लावा. तुमचा सवाल: सांधेदुखी खरंच एवढी मोठी गोष्ट आहे का, आणि असेल तर हे पॅकेज घ्यावं का?

गोष्ट मोठी आहे. पॅकेज घेऊ नका. दोन्हीची कारणं खाली देते आणि त्याच पैशांत काय करता येईल तेही सांगते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे औषधांबद्दल जे लिहीन ते घरच्यांनी लक्ष ठेवण्यापुरतं. डोस ठरवणं हे डॉक्टरांचं काम.

आधी 'कुणी मरत नाही' याबद्दल. हे बऱ्याच अंशी खरं आहे आणि म्हणूनच हा आजार कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. मृत्यू मोजले की सांधे, मणके आणि स्नायूंचे आजार यादीत कुठेच दिसत नाहीत. पण माणूस किती वर्षं जगला यासोबत त्यातली किती वर्षं अडून-अडखळून जगला हेही मोजलं, की चित्र पालटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे १७१ कोटी लोकांना हाडा-सांध्यांचा किंवा स्नायूंचा काही ना काही त्रास आहे. २०२० साली नुसत्या कंबरदुखीचे ६१ कोटींहून जास्त आणि झिजेच्या संधिवाताचे ५९ कोटींहून जास्त रुग्ण होते. माणसाला अपंगत्व आणणाऱ्या कारणांत कंबरदुखी जगात पहिल्या क्रमांकावर आहे.

हे आकडे परक्या देशांतले वाटत असतील तर आपल्याच जिल्ह्यातलं बघा. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणला १९९६ मध्ये 'कॉपकॉर्ड' या आंतरराष्ट्रीय उपक्रमाखाली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने घरोघर जाऊन पाहणी सुरू झाली. त्यात सुमारे १८ टक्के प्रौढांना सांधे-स्नायूंचं दुखणं निघालं. ते कष्ट करणारं गाव होतं, तेव्हा हा बसून काम करणाऱ्या शहरी लोकांचा आजार आहे हा समजही सोडून द्या.

आणि बोजा म्हणजे फक्त दुखणं नव्हे. आपल्याकडचं जगणं जमिनीशी फार जोडलेलं आहे. गुडघा ९० अंशांच्या पुढे वाकेना की पहिल्यांदा सुटतं ते खाली बसणं: पूजा, पंगत, भाजी निवडणं, भारतीय पद्धतीचा संडास. मग पीएमपीच्या बसची पहिली पायरी नको वाटते, मग मंडई, मग लग्नकार्य. पर्वतीच्या १०३ पायऱ्या वर्षानुवर्षं चढणारी बाई दारातल्या तीन पायऱ्यांपाशी थबकते. घरात दुसरं कुणीतरी तिची कामं उचलतं, बहुतेक वेळा सून किंवा मुलगी, आणि तिच्या नोकरीच्या तासांवर ते येतं. यातलं काहीच हॉस्पिटलच्या बिलात दिसत नाही.

हृदयरोगवाल्या दोघांनाही एक सांगा. चालणं बंद झालं की वजन, साखर आणि रक्तदाब तिन्ही वर जातात. डॉक्टर 'रोज अर्धा तास चाला' म्हणतात आणि गुडघा म्हणतो नाही. त्यात रोजच्या वेदनाशामक गोळ्यांनी रक्तदाब आणखी चढतो. त्यामुळे हृदय की गुडघे अशी निवड करायचीच नाही. गुडघ्यावर केलेला खर्च हृदयापर्यंत पोचतो.

आता पॅकेज. आरए फॅक्टरचं गणित कागदावर मांडून बघा. सुजेचा संधिवात, म्हणजे र्‍हुमॅटॉइड, भिगवणच्या पाहणीत साधारण अर्धा टक्का लोकांत होता. तुमच्या २०० सभासदांत म्हणजे एखादा. उलट आरए फॅक्टर निरोगी माणसांतही साधारण ५ टक्क्यांना पॉझिटिव्ह येतो, उतारवयात त्याहून जास्तच. म्हणजे १० किंवा त्याहून जास्त लोक 'मला संधिवात निघाला' म्हणत घरी जाणार. आणि ज्या एकाला खरोखर आजार आहे त्याचा रिपोर्ट निगेटिव्ह यायचीही बरीच शक्यता, कारण र्‍हुमॅटॉइडच्या दर तीन-चार रुग्णांपैकी एकाचा हा फॅक्टर निगेटिव्हच असतो. तपासणी वाईट नाही, ती सांधे सुजलेल्या माणसाची करायची असते. सरसकट रांगेत करायची नसते.

युरिक ॲसिडचंही तेच. ते वाढलेलं असूनही आयुष्यभर गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडचे खडे साचून सांधा सुजण्याचा आजार, न होणारे पुष्कळ असतात आणि त्यांना सहसा गोळी लागत नाही. उलट अंगठा लालबुंद सुजलेला असताना रक्तातलं प्रमाण नॉर्मलही येऊ शकतं. टाचेच्या मशीनबद्दल एवढंच: हाडं ठिसूळ झाली हे ठरवण्याचा उणे २.५ हा टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडाशी तुलना करणारा आकडा) डेक्सा तपासणीचा आहे, म्हणजे एक्स-रेने खुब्याची आणि मणक्याची घनता मोजतात तिचा. टाचेवरच्या आकड्याला तो लावून कॅल्शियमचे डबे विकले जातात. डेक्सा कुणी करावी? ६५ वर्षांपुढच्या स्त्रिया, उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलेले, तीन महिन्यांहून जास्त स्टेरॉइड घेतलेले, पाळी लवकर गेलेल्या आणि उंची चार-पाच सेंटिमीटर कमी झालेले. या लोकांची नावं काढून त्यांना डॉक्टरांकडे पाठवलंत तर ते काम मशीनपेक्षा मोठं होईल.

तेव्हा तुमचं शिबिर माणसांची वर्गवारी करणारं हवं. दुखणाऱ्या प्रत्येकाला एकच सल्ला आणि एकच गोळ्यांची पट्टी दिली, की ज्याला घाई आहे तो मागे पडतो आणि ज्याला घाई नाही तो घाबरतो. त्यासाठी लागतं ते असं: एक फिजिओथेरपिस्ट, शक्य असेल तर एक डॉक्टर, चार-पाच स्वयंसेवक, हात नसलेल्या दोन पक्क्या खुर्च्या, स्टॉपवॉच, मोजपट्टी आणि कागद.

पहिल्या टेबलावर प्रश्न. सकाळी उठल्यावर सांधे आखडलेले किती वेळ राहतात? पाच-दहा मिनिटांत मोकळे होत असतील तर बहुधा झीज. अर्धा तास, तास, त्याहून जास्त लागत असेल आणि बोटांचे मधले सांधे, मनगटं किंवा पावलांचे चवडे सुजत असतील तर ते सुजेच्या संधिवाताचं लक्षण. अशा माणसाशी हस्तांदोलन करताना तळव्याची रुंदी हलकेच दाबली तरी तो हात मागे घेतो. सहा आठवड्यांहून जास्त असं चाललं असेल तर संधिवाततज्ज्ञाकडे काही आठवड्यांत जायला हवं. 'दिवाळीनंतर बघू' चालणार नाही. पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले तर सांधा वाचतो. नंतर औषध सूज थांबवतं, पण खाल्लं गेलेलं हाड परत आणत नाही.

पावसाळ्यानंतर पुण्यात आणखी एक गट दिसतो: चिकुनगुन्याचा ताप जाऊन महिने झाले तरी घोटे-मनगटं दुखणारे. ताप कधी आला होता हे विचारायला विसरू नका, नाहीतर त्यांच्यावर उगाच र्‍हुमॅटॉइडचा शिक्का बसतो.

त्याच दिवशी हॉस्पिटलला पाठवायची माणसं वेगळी. तापासोबत एकच सांधा गरम होऊन सुजलेला. कंबरदुखीबरोबर लघवी अडणं किंवा नकळत होणं, बैठकीची जागा बधिर वाटणं, पाऊल उचलता न येणं. पडल्यानंतर पाय टेकवेनासा होणं. आणि कंबर किंवा पाठ रात्री झोपेतून उठवते, वजन घटतंय, संध्याकाळी बारीक ताप येतो, असं असेल तर चार-आठ दिवसांत डॉक्टर गाठायचा. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग आहे आणि तो महिनोनमहिने 'कंबर लचकली' या नावाखाली शेकला जातो.

हे सोडून बाकीच्या कंबरदुखीवाल्यांना एमआरआयच्या मागे लावू नका. कधीच कंबर न दुखलेल्या लोकांचे एमआरआय पाहिले तर विशीतल्या साधारण ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८० टक्क्यांहून जास्त लोकांत दोन मणक्यांमधली चकती फुगलेली दिसते. रिपोर्टवरची ती ओळ वाचून माणूस वाकायचं सोडतो, पट्टा बांधतो, झोपून राहतो आणि पाठीचे स्नायू आणखी ढिले पडतात. साधी कंबरदुखी बहुतेकांची सहा आठवड्यांत पुष्कळ उतरते, तीही हिंडतं-फिरतं राहिलं तर. सोबत आलेल्या मुलाला किंवा नातवालाही एक प्रश्न विचारा: पहाटे पाठ दुखून जाग येते आणि उठून हिंडल्यावर बरं वाटतं का? चाळिशीच्या आतल्या तरुणात हे तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल तर ते अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे मणक्यांचा सुजेचा संधिवात, असू शकतं. 'बसून काम करतोस ना, म्हणून' या उत्तरावर ही मुलं काही वर्षं काढतात.

दुसऱ्या टेबलावर खुर्चीची चाचणी. आसन जमिनीपासून साधारण ४३ सेंटिमीटर, खुर्ची भिंतीला टेकवलेली. हात छातीवर, मनगटं एकमेकांवर. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पूर्ण बसता येतं ते मोजायचं. ६५ ते ६९ वयाच्या स्त्रीला ११ पेक्षा कमी किंवा पुरुषाला १२ पेक्षा कमी जमलं तर पायांची ताकद कमी आहे आणि पडायचा धोका जास्त. ७० ते ७४ साठी स्त्रियांचा आकडा १०, पुरुषांचा १२. हाताचा आधार घ्यावाच लागला तर शून्य लिहा, आणि त्यात वाईट वाटून घेऊ देऊ नका, पुढच्या वेळेची तुलना तिथूनच होणार आहे. यात चुका ठरलेल्या असतात: प्लास्टिकची घसरणारी खुर्ची, अर्धवट उठलेलंही मोजणं, मऊ चपला, आणि शेजारी उभ्या मंडळींनी 'अजून एक, अजून एक' म्हणत माणसाला दमवणं. छातीत दुखणाऱ्याला किंवा नुकतंच ऑपरेशन झालेल्याला ही चाचणी करायला लावायची नाही.

त्यानंतर खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जाणं, वळणं, परत येऊन बसणं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका धरायचा. काठी वापरत असतील तर काठीसकट चालू द्या.

काठीवर जरा थांबते, कारण ती चुकीची वापरणारेच जास्त भेटतात. दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. उजवा गुडघा दुखतो तर काठी डाव्या हातात, आणि उजवं पाऊल पडेल त्याच वेळी काठी टेकवायची. उंची: चपला घालून हात सरळ सोडला की काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. टोकाचं रबर झिजलं की ओल्या फरशीवर ती काठीच माणसाला पाडते. शिबिरात रबरी बूच बदलून देण्याची सोय ठेवा. किरकोळ खर्च आहे.

तिसरं टेबल औषधांचं. सभासदांना सगळ्या गोळ्या, पुड्या, काढे पिशवीत घालून आणायला सांगा. इथे तीन गोष्टी शोधायच्या. पहिली, डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅकसारख्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता रोज घेणारे. रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हे धोक्याचं आहे. दुसरी, नाव-पत्ता नसलेली पुडी. दोन दिवसांत जादूसारखा आराम, भूक वाढलेली, चेहरा गोल, साखर चढलेली, तर तीत स्टेरॉइड असण्याची दाट शंका घ्यावी. अशी पुडी एकदम बंद करायची नाही. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं थांबलेलं असू शकतं आणि अचानक तोडलं तर माणूस कोसळतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवायची.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची: मेथोट्रेक्सेट. र्‍हुमॅटॉइडचं हे मुख्य औषध, स्वस्त आणि चांगलं. पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं गेलं तर तोंड येतं, रक्तपेशी घसरतात आणि जीव जाऊ शकतो. ही चूक घरातला माणूस बदलला, औषधाचं दुकान बदललं, चिठ्ठीवरचं अक्षर लागलं नाही की होते. पट्टीवर पेनाने ठरलेला वार लिहा, 'सोमवार' असा. मात्रा दुखणं वाढलं म्हणून आपल्या मनाने वाढवायची नाही. फॉलिक ॲसिडची गोळी बहुतेक डॉक्टर दुसऱ्या वारी देतात, तिचा वारही लिहा. रक्ताच्या आणि लिव्हरच्या तपासण्या ठरल्या वेळी झाल्या का तेही विचारा.

आता तुमच्या सभासदांतला सगळ्यात मोठा गट, म्हणजे गुडघ्यांची झीज. पैसा खरा इथे लावायचा. सांध्यातली झिजलेली गादी व्यायामाने भरून येत नाही हे स्पष्ट सांगावं. मांडीचा पुढचा स्नायू आणि कुल्ल्याचे स्नायू मजबूत झाले की सांध्यावरचा धक्का ते घेतात, दुखणं उतरतं, जिना जमतो. मी बारा आठवड्यांचा गट सुचवीन, आठवड्यातून दोनदा फिजिओसमोर आणि एकदा घरी. खुर्चीतून उठ-बस, ८ ते १० वेळा, तीन फेऱ्या. जमत नसेल तर आसनावर जाड उशी ठेवून उंची वाढवा आणि दर दोन आठवड्यांनी कमी करा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबणं, ५ ते १० सेकंद धरून १० वेळा. १० सेंटिमीटरच्या पाटावर चढ-उतर, भिंतीचा आधार घेऊन. ओट्याला धरून टाचा उचलणं.

लोक सोडतात ते पहिल्या दहा दिवसांत, कारण थोडं दुखतं आणि 'झीज वाढली' अशी भीती बसते. त्यासाठी नियम सांगून ठेवा: दहापैकी चारपर्यंतचं दुखणं व्यायामात चालेल, दुसऱ्या सकाळपर्यंत ते मूळ पातळीला यायला हवं. नाही आलं तर वेळा कमी करा, व्यायाम बंद करू नका. चालणं सपाट रस्त्यावर. तळजाई किंवा हनुमान टेकडी चढताना बरं वाटतं, पण उतरताना गुडघ्यावर फार भार येतो, म्हणून पहिले दोन महिने टेकडी नको. वजन जास्त असेल तर एक किलो घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. पाच किलो घटवणाऱ्या बाईला हा हिशेब सांगितला की डाएटपेक्षा जास्त पटतो.

उरलेल्या पैशांतून कठडे. सोसायटीच्या दाराच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी, साधारण ९० सेंटिमीटर उंचीवर, मुठीत मावेल असा चारएक सेंटिमीटर जाडीचा गोल पाइप, भिंतीपासून पाच सेंटिमीटर सुटा. शेवटच्या पायरीच्या पुढे फूटभर न्या, कारण माणसं तिथेच पडतात. पायरीच्या कडेला पिवळा पट्टा मारा.

गुडघा बदलायचा का, हे प्रत्येकाच्या परिस्थितीवर आहे. एक्स-रे कितीही वाईट दिसला तरी तेवढ्यावर ठरवू नये. तीन महिने नीट व्यायाम करूनही रात्रीची झोप आणि घरातलं चालणं बिघडलेलं असेल तर सर्जनशी बोलावं. केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. ती फक्त सांध्याच्या किमतीवर आहे, खोली, भूल आणि सर्जनची फी वेगळी, म्हणून अंदाजपत्रक सुटं करून मागा. सरकारी योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडून (योजनेची माहिती देणारा माणूस) आधीच विचारून घ्या.

एक विनंती. शिबिर सभासदांपुरतं ठेवू नका. तुमच्या सोसायटीत पाच-पाच घरची झाडू-फरशी करणाऱ्या बायका आणि बारा तास स्टुलावर बसणारे वॉचमन आहेत. त्यांचा गुडघा किंवा कंबर गेली की त्याच दिवशी रोजगार जातो. वॉचमन एजन्सीचा असेल आणि पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर त्याचं ईएसआयचं (कर्मचारी राज्य विमा) कार्ड असायला हवं. पुरेसे दिवस वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. कार्ड आहे हेच कित्येकांना माहीत नसतं. घरकामाच्या बायकांना हे लागू नाही, तेव्हा लांब दांड्याचा मॉप आणि आजारपणाची भरपगारी सुट्टी, या दोन गोष्टी तुमच्या सभेत ठराव करून देता येतात. वॉचमनला पाठ टेकवता येईल अशी खुर्ची द्या.

वेळ सकाळी सातची ठेवू नका. ज्यांचे सांधे तास-दोन तास आखडलेले असतात ते त्या वेळी येऊच शकत नाहीत, आणि तुम्हाला सगळ्यात जास्त गरज त्यांचीच आहे. अकरा किंवा चारची वेळ चांगली. बारा आठवड्यांनी खुर्चीची चाचणी पुन्हा घ्या आणि आधीचा-नंतरचा आकडा नोटीस बोर्डावर नावांशिवाय लावा. पुढच्या वर्षीची वर्गणी मागताना तो उपयोगी पडेल.

आणि शिबिर संपलं की यादी काढून न आलेल्यांच्या नावांवर खूण करा. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे त्यातच निघतील. दोघांनी खुर्ची आणि प्रश्नांचा कागद घेऊन त्यांच्या घरी जा, आणि बाथरूमच्या दारापाशी धरायला काही आहे का ते बघूनच परत या.